आपल्या स्तरावर उचित कार्यवाही

मानवाच्या इतिहासात नेतृत्वाचा प्रश्न कायमचा निकाली निघाला तो २०३४ सालच्या मार्च महिन्यात, चौदा तारखेला, दुपारी साडेतीन वाजता. पुढे कोण चालतो आणि मागे कोण, यावर तत्त्वज्ञांनी अडीच हजार वर्षं घातलेला वाद त्या दिवशी खडवी पाटबंधारे विभागाच्या सभागृहात संपला. वेळ एवढी नेमकी लक्षात राहिली, कारण साडेतीनला चहा यायचा होता आणि तो आला नाही. चहा कुणी सांगायचा हे ठरलेलं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीतून मृण्मयी नावाची एक मुलगी आली होती. तिने टेबलावर सव्वाशे काळ्या पट्ट्या मांडल्या. पट्टी कपाळावरून मागे नेऊन डोक्याला घट्ट बसवायची. डाव्या कानशिलाशी मसुरीएवढा दिवा. पट्टीचं नाव 'उगम'. मागे फलक: 'प्रत्येक स्तरावर नेता'.

"सर, नेतृत्व म्हणजे खुर्ची नाही," ती म्हणाली. "शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत प्रत्येकाच्या आत एक लीडर असतो. आपण फक्त त्याला बाहेर काढायचंय."

आमचा शिपाई दौलू माझ्या कानाशी लागला. "भाऊसाहेब, माझ्यातला बाहेर आला की पहिल्यांदा त्याला चहाला धाडतो."

भाऊसाहेब म्हणजे मी. विभागातला वरिष्ठ लिपिक. एकोणतीस वर्षं टिप्पण्या लिहितो आहे, आणि एवढ्या वर्षांत एकाही टिप्पणीत मी काही म्हटलेलं नाही.

या पट्टीमागचं विज्ञान खरं होतं, हीच पंचाईत. माणूस स्वतःहून हात उचलतो तेव्हा उचलण्याआधी सेकंद-दीड सेकंद त्याच्या मेंदूच्या माथ्याकडच्या भागात विजेचा एक सौम्य दाब साठत जातो. धरणात पाणी चढावं तसा, हळूहळू. मग हात हलतो. तोच हात दुसऱ्याने 'उचल' म्हटल्यावर उचलला तर हा चढ दिसत नाही, किंवा नावापुरता दिसतो. प्रयोगशाळांना ही गोष्ट कित्येक वर्षं ठाऊक आहे. पण ती बघायची तर माणसाला खुर्चीत बसवून, डोक्याला चिकट मलम फासून, शंभर वेळा बोट हलवायला लावावं लागायचं. आता मलमाशिवाय चालणारे सेन्सर आले. शिवाय चालताना, बोलताना, शिंकताना मेंदूत जो गोंगाट होतो त्यातून हा एकच चढ वेचून काढणारा प्रोग्रॅम आला. सही करण्याआधीचा, बटण दाबण्याआधीचा, 'हो' म्हणण्याआधीचा तो दीड सेकंद पट्टीला वाचता येऊ लागला. चढ सापडला तर दिवा हिरवा, म्हणजे निर्णय याच डोक्यात उगम पावला. नाही सापडला तर दिवा बंद, म्हणजे हा गडी दुसऱ्याच्या मागून चालला. वेळेसकट नोंद होत होती, आणि ती खोडता येत नव्हती.

पहिले तीन महिने मजेत गेले. ज्याचा दिवा जास्त वेळा लागेल त्याचा फोटो सूचनाफलकावर. पट्टी सरावासाठी आठवडाभर घरीही घालायची होती. माझी बायको शुभदा रोज सकाळी माझ्या कानशिलाकडे बघून विचारायची, "आज भाजी कुठली करू?" मी म्हणायचो, "तुला वाटेल ती." दिवा ढिम्म.

"बिघडलीय का हो?" तिने विचारलं.

"नाही गं. ऑफिसातही अशीच चालते."

जूनमध्ये उजव्या कालव्यावरची एक मोरी खचली. नवी कोरी मोरी. कागदावर पाच जणांच्या सह्या होत्या. पूर्वी अशा वेळी चौकशी सात-आठ वर्षं चालायची, तोवर तिघे निवृत्त व्हायचे, एक वारायचा आणि मोरी विस्मरणात जायची. या वेळी चौकशी अकरा मिनिटांत आटोपली. पाचही पट्ट्यांच्या नोंदी काढल्या. चार सह्यांच्या वेळी दिवा बंद होता. पाचवी सही नकाशे काढणाऱ्या बाबरची. कार्यकारी अभियंता कारखानीस साहेबांनी त्याला म्हटलं होतं, "बाबर, पाइपाचा व्यास तुम्हीच ठरवा, लीडर व्हा." आणि तो बिचारा झाला होता. दिवा एकाचाच, म्हणून दोष एकाचा. बाबर निलंबित झाला, आणि सूचनाफलकावरचा फोटोही त्याचाच होता. तो काढायचा निर्णय कुणी घेईना, म्हणून बरेच दिवस तिथेच राहिला.

त्या दुपारपासून खडवी विभागात हिरवा रंग दिसेनासा झाला.

लोकांना वाटतं, सरकारी माणूस निर्णय घेत नाही. साफ चूक. तो आतल्या आत घेत असतो, फक्त पकडला जात नाही. आता आतही सोय उरली नव्हती. मग निवृत्त अधीक्षक अभियंता बोकील यांनी दर शनिवारी वर्ग सुरू केले. सतरंजीवर बसून ते अधिकाऱ्यांना शिकवायचे, "मनात प्रश्न येऊ द्या. उत्तर यायला लागलं की श्वासाकडे लक्ष न्या." कारखानीस साहेब दोन महिन्यांत इतके तयार झाले की जेवताना वरण घ्यावं की आमटी एवढ्यानेही त्यांचा मेंदू हलेना.

सहीचा प्रश्न मात्र श्वासाने सुटेना. तो दौलूवर सोपवण्यात आला. साहेबांच्या उजव्या हाताला दौलू उभा. फाइल उघडली की त्याने म्हणायचं, "साहेब, सही करा." साहेब करणार. हुकूम दौलूचा, म्हणून दिवा दौलूचा. महिनाभर आमचा विभाग एका शिपायाने चालवला आणि खोटं कशाला सांगू, फाइली भराभर निघाल्या. मग कुणीतरी दौलूला बाबरची गोष्ट नीट समजावून सांगितली. दौलूने दुसऱ्या दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा हिरवा दिवा.

यावर तोड मी काढली. त्याची मला त्या वेळी शाबासकी मिळाली होती, म्हणून लपवत नाही. आमच्या पत्रव्यवहारात एक जुनं वाक्य आहे: 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.' वरून काहीही विचारणा आली, खालून काहीही अडचण आली, की हे एवढंच लिहून कागद खालच्या माणसाकडे ढकलायचा. हे वाक्य लिहिताना डोक्यात काही उगवत नाही. एकोणतीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतो. मी पट्टी घालून वीस वेळा लिहून दाखवलं. दिवा एकदाही लागला नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तेही बोकीलांच्या पद्धतीने, कुठलाही हेतू न ठेवता.

तेव्हापासून विभागातला प्रत्येक प्रश्न पायऱ्यांवरून घरंगळणाऱ्या चेंडूसारखा खाली जाऊ लागला. साहेबांकडून शाखा अभियंता दुधगावकरांकडे, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून आणखी खाली. सगळ्यात खाली होती सारिका पाडळकर.

सारिका पोफळे धरणावर दरवाजे सांभाळायची. आधी तिचा नवरा वसंत सांभाळायचा. तो कावीळ होऊन गेला आणि अनुकंपेवर ही लागली. धरणाच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात ती आणि सासू. मी तिथे गळक्या छपराच्या पाहणीला गेलो होतो, तेव्हा तिने मला दरवाजे दाखवले. दाखवताना ती अशी चालत होती की दरवाजे तिच्या माहेरचे असावेत.

पोफळे धरण संस्थानी काळातलं. बांधणारा इंजिनिअर हुशार होता आणि त्याला माणसं माहीत होती. त्याने दरवाजे आपोआप उघडणारे केले. प्रत्येक दरवाज्यामागे विहिरीसारखा खड्डा, खड्ड्यात लोखंडी दांड्यांना टांगलेला भलामोठा दगडी ठोकळा. ठोकळ्याच्या वजनाने दरवाजा मिटलेला राहायचा. तलाव काठोकाठ भरला की पाणी खड्ड्यात सांडायचं, पाण्यात ठोकळा हलका व्हायचा आणि तलावाचा रेटा दरवाजा उघडायचा. पाणी उतरलं की दरवाजा पुन्हा मिटायचा. ना साहेब, ना आदेश, ना मस्टर. नव्वद वर्षं हे बिनबोभाट चाललं, म्हणून २०३२ मध्ये त्याचं आधुनिकीकरण झालं. दरवाज्यांना विजेच्या मोटारी बसल्या, खोलीत बटणं आली. खड्डे बुजवून जुनी यंत्रणा बंद केल्याचा दाखला ठेकेदाराने दिला आणि साहेबांनी तो मंजूर केला.

"बुजवलं कुठलं," सारिका म्हणाली. "वर फरशी टाकली आन् रंगानं 'बंद' लिवलं. मालक असते तर फरशी काढून बघितलं असतं."

"आणि वीज गेली तर?"

"मग त्या बटणाचा उपेग तुमच्या शर्टाच्या बटणाएवढा. जनरेटर मंजूर हाय म्हनं."

होता. तो भिंतीच्या डाव्या अंगाला ठेवायचा की उजव्या, याचा निर्णय व्हायचा होता.

तिच्या कानशिलावरचा दिवा आम्ही बोलत होतो तेवढ्यात चार वेळा हिरवा झाला. साहजिक होतं. वरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर माझं ते वाक्य असायचं आणि तिच्या खाली ढकलायला कुणी नव्हतं. गाळ कधी काढायचा, पाटाला पाणी किती सोडायचं, तुटलेलं कुंपण कशाने बांधायचं, सगळं हीच ठरवायची. सासू दारातून म्हणाली, "सुनेच्या कानाला काजवा चिकटलाय, भाऊसायेब. रातीला उजेड पडतोय." सलग अकरा महिने विभागात नेतृत्वाचे सगळ्यात जास्त गुण तिचे होते. तिने त्या अकरा प्रमाणपत्रांना प्लॅस्टिकचं वेष्टन घालून ती छपराच्या गळक्या जागेखाली लावली होती.

२०३५ च्या ऑगस्टात मंत्रालयाला आमच्या विभागाचा नेतृत्व महोत्सव करायची हुक्की आली. जागा: पेठ सोनवडे, पोफळे धरणाखालचं नदीकाठचं मैदान. ऑगस्टात नदीकाठी मांडव घालू नये हे सोनवड्यातल्या म्हशींनाही माहीत आहे. पण मैदान कुणी सुचवलं हे शोधायला गेलो तर कागदावर नावच नव्हतं. ते सुचत गेलं होतं.

सारिकाचा फोन आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मंत्रिमहोदय दोनला यायचे होते. मांडवात नऊशे खुर्च्या, स्टेजवर पंचवीस फुटी फलक आणि वर धो धो पाऊस. फोन दुधगावकरांना आला होता. तिशीचा, बरा मुलगा, अजून पुरता बिघडलेला नव्हता. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, पानी खुणेला टेकलंय. वरनं येवा वाढलाय. दरवाजे उघडाय पायजेत. हुकूम द्या."

दुधगावकरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष नेलं. मग म्हणाले, "दुधगावकर, तुमचा अनुभव काय सांगतो?"

"माझा दोन वर्षांचा आहे, सर."

"तोच विचारतोय."

दुधगावकरने कपाळावरची पट्टी चाचपली. दिवा लुकलुकल्यासारखा झाला. बाबरचं काय झालं ते त्यालाही माहीत होतं, आणि घरी सहा महिन्यांची मुलगी होती. तो फोनमध्ये म्हणाला, "पाडळकर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतंय ते कशाला? नियमात तुमचं नाव हाय, माझं न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही जरा बोला तिच्याशी."

मी फोन घेऊन मांडवाच्या कडेला गेलो. खाली नदी चहाच्या रंगाची झाली होती.

"बाई, नियम काय सांगतो?" मी विचारलं.

"नियम सांगतोय, साहेबास्नी विचारा. साहेब सांगत्यात, तुला काय वाटतं. आता तुम्ही नियम विचारा. भाऊसायेब, उघडू का नको, एवढा एक शबुद सांगा. भिंत मातीची हाय. पानी वरनं गेलं तर भिंत ऱ्हात न्हाई. तीन गावं हायत. आन् उघडलं तर तुमच्या मैदानात पानी येतंय. माणसं किती हायत तितं?"

"दीडशे असतील. कामाचीच."

"मग त्यास्नी उठवा आन् मला हो म्हना."

एक शब्द होता. दोन अक्षरंही नव्हती त्यात. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करा."



"भाऊसायेब," ती म्हणाली, "माझ्या स्तराच्या खाली कोन न्हाई. खाली निस्तं पानी हाय."

फोन बंद झाला. माझ्या कानशिलावरचा दिवाही बंदच होता. नोंद आहे.

पुढे काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. वसंतच्या वेळचा हाताने फिरवायचा भोंगा तिने माळ्यावरून काढला. खोलीत विजेचा भोंगा होता, पण त्याचा आवाज वळणापलीकडे जात नाही, म्हणून तिने हातभोंगाच घेतला. तो भिंतीवर नेऊन तिने वीस मिनिटं फिरवला. दंड भरून आले तेव्हा सासूने फिरवला. खालच्या गावांतले लोक नदीवरचे पंप सोडून वर पळाले. मग ती खोलीत आली. वीज आहे की नाही हे दाखवणारा पॅनेलवरचा हिरवा दिवा कधीच गेलेला होता, नवीन मागितला होता, मिळाला नव्हता. तिने पाचही बटणं ओळीने दाबली आणि धावत बाहेर येऊन पाहिलं. पाण्याच्या गर्जनेत मोटारींचा आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती. पण दरवाजे हलले. एकेक करत पाचही उघडले.

भोंगा आमच्यापर्यंत पोचला तेव्हा साहेब श्वास मोजत होते. दुधगावकर अचानक स्टेजवर चढला आणि माइकवर ओरडला, "उठा! सगळे वर पळा!" त्याचा दिवा झगझगीत हिरवा लागला. त्या दिवशी मैदानातला तो एकमेव. दीडशे माणसं टेकाडावर गेली. पाणी आलं, नऊशे खुर्च्या उचलून घेऊन गेलं. फलक बराच वेळ ताठ उभा तरंगत होता. 'प्रत्येक स्तरावर नेता' वळणावरून दिसेनासं झालं, मागोमाग साहेबांची गाडी. माणूस एकही गेला नाही. भिंत शाबूत राहिली. तीन गावं शाबूत राहिली.

मला वाटलं, चला, सुटलो. माणूस मेला नाही की चौकशी होत नाही, असा माझा अनुभव होता. पण खुर्च्या गेल्या होत्या आणि मंत्रिमहोदयांना अर्ध्या वाटेवरून परत जावं लागलं होतं.

चौकशी अधिकारी मालशे मॅडम नावाच्या होत्या. त्यांनी पट्ट्यांच्या नोंदी टेबलावर मांडल्या. साहेब शून्य. मी शून्य. दुधगावकर एक: सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाविना कार्यक्रमस्थळ रिकामं करणं, म्हणून कारणे दाखवा नोटीस. सारिका: बारा वाजून बावीस मिनिटं, बटण दाबण्याआधीचा दीड सेकंद. मॅडमनी तो आलेख पडद्यावर मोठा करून दाखवला. इतका सरळ, स्वच्छ चढ त्या कंपनीने कुठेच पाहिला नव्हता म्हणे. आता तो त्यांच्या जाहिरातीत आहे.

"दरवाजे उघडण्याचा निर्णय कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा."

"कुणी सांगितलं होतं?"

सारिकाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "मीच उघडले."

मी तिला बाहेर गाठलं. "बाई, एवढं स्पष्ट कशाला बोललात? घाबरले होते, काही सुचलं नाही, असं म्हणायचं होतं."

"का? पट्टी काय खोटं बोलतीया?" तिचा आवाज चढला. "मालक चौदा वर्सं दरवाज्याला हात लावून बसले, त्यास्नी कधी उघडायचा परसंग आला न्हाई. माझ्यावर आला. मी उघडले. तीन गावं जित्ती हायत. ह्ये पुसायला सांगताय व्हय मला? तुमचं शून्य तुमच्यापाशी ठेवा, भाऊसायेब."

आदेशाविना निर्णय घेतल्याबद्दल तिला बडतर्फ करण्यात आलं. वर दुसरा ठपका: कोणतीही पूर्वसूचना न देता पाणी सोडलं. कारण विजेच्या भोंग्याच्या यंत्रात त्या दिवशीची नोंदच नव्हती, आणि हातभोंगा साठा नोंदवहीत २०३२ पासून भंगार होता, म्हणजे तो वाजू शकत नव्हता. पंधरा दिवसांत क्वार्टर रिकामं करायचं. त्याच टपालाने तिला विभागाचं बारावं प्रमाणपत्र गेलं. यंत्रणा वेगवेगळ्या होत्या. दोन्ही पाकिटांवर पत्ता मी लिहिला.

घरी शुभदाला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती.

"तिनं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"उचित कार्यवाही कर म्हटलं."

"म्हणजे उघड की नको?"

मी कोथिंबिरीची एक काडी उचलून निवडू लागलो.

"अहो, उघड की नको?"

"तसं नसतं ते. ते एक वाक्य असतं."

तिने कोथिंबीर खाली ठेवली. "सव्वीस वर्षं मी रोज विचारते, आज काय करू. आणि तुम्ही म्हणता, तुला वाटेल ते. मला वाटायचं, माझा मान ठेवताय."

मी जेवलो नाही, असंही नाही. जेवलो. भाजी गवारीची होती.

पण चीड येत राहिली. साहेबांची, मालशेबाईंची, त्या पुण्याच्या मुलीची. आणि हे सगळे संपले की उरतो त्याची. मी सारिकाकडे गेलो. पेठ सोनवड्यात तिने एक खोली घेतली होती. कोपऱ्यात प्रमाणपत्रांची चवड. तिला म्हटलं, अपील करू. निर्णय घेतल्याचा ठपका जाणार नाही, पण सूचना दिली नाही हा तर धादांत खोटा आहे, तो पाडू. तो पडला की शिक्षा कमी होईल, नोकरी वाचेल.

"माझ्या नावाफुडचं 'मीच उघडले' काढायचं न्हाई," ती म्हणाली. "बाकी काय पायजे ते लिवा."

"नाही काढणार."

सासू म्हणाली, "सुनेनं दार उघडलं म्हनून आमी हाय, आसं गावात म्हनत्यात. दुकानदार साखर आधी आमाला देतोय."

मी दुसऱ्या दिवशी चांगली सकाळ गाठली, आंघोळ करून, ऑफिसची पट्टी चढवून टेबलाशी बसलो. मुद्दा सोपा होता. एवढ्या पावसात वीज जातेच. गेली असेल तर विजेच्या भोंग्यात नोंद कुठून येणार? आणि तरीही तीन गावांनी भोंगा ऐकला, म्हणजे तो हाताचाच होता. वीज गेल्याचा एक कागद मिळाला की दुसरा ठपका गळून पडत होता. मी वीज उपकेंद्राला पत्र लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना विचारलं नव्हतं. पत्र माझ्या नावाने, खाली माझी सही.

"अहो," शुभदा म्हणाली, "दिवा."

आरशात पाहिलं. हिरवा. त्या हिरव्या रंगात माझं कानशील बरंच म्हातारं दिसत होतं.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी अपिलाचा मसुदा तीनदा लिहिला. पहिलंच वाक्य असं होतं: 'अपीलार्थी यांनी स्वतःच्या निर्णयाने पाचही दरवाजे उघडून तीन गावांचे प्राण वाचविले.' सारिकाला फोनवर वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं, मग सासूला ऐकवायला तिसऱ्यांदा.

दहाव्या दिवशी पाकीट आलं. आत तीन ओळी. पहिली माझ्या पत्राचा संदर्भ, शेवटची कनिष्ठ अभियंत्याची सही. मधली ओळ अशी होती: पोफळे धरणाचा वीजपुरवठा सदर दिवशी सकाळी अकरा चाळीस ते दुपारी दोन दहा पूर्णपणे बंद होता. सारिकाने बटणं दाबली होती बारा बावीसला; म्हणजे दरवाजे बटणांनी नव्हे, फरशीखालच्या दगडी ठोकळ्यांनी उघडले होते.